उस्तादांचा गडवा

आमचे उस्ताद लोखंडाचा तुकडा हातात घेऊन सांगायचे, की तो घासणारा पोरगा सकाळी काय खाऊन आला आहे.

थट्टा करत नाही. फिटरच्या वर्गात पहिले चार महिने दुसरं काही नसतं. तळहाताएवढा लोखंडी तुकडा शिकंज्यात आवळायचा आणि त्याचा माथा सपाट होईपर्यंत कानशीनं घासत राहायचं. आपल्याला वाटतं झाला सपाट. मग उस्ताद त्यावर गुण्याची, म्हणजे काटकोन तपासायच्या मापाची, पोलादी कड टेकवायचे, तुकडा खिडकीकडे धरायचे, आणि कड आणि लोखंड यांच्यामधून केसाएवढा जरी उजेड आला तरी आपली चोरी पकडली जायची.

"मधात उंच, कडेले उतरता," ते म्हणायचे. "कानस नाचून राह्यली तुही. उपाशी आला काय बे?"

पोरगा खरोखरच उपाशी असायचा.

एकदा त्यांनी मारेगावच्या दौलतच्या तुकड्यावरून नुसता अंगठा फिरवला. दौलत माझा शेजारी, कामाच्या टेबलावरही आणि वसतिगृहातही. उस्ताद म्हणाले, "टुरिंग टाकीज. दुसरा खेळ."

"नाई उस्ताद, अभ्यास करून राह्यलो होतो."

"अभ्यासानं एकच बाजू उतरते. तुह्या दोन्ही उतरल्या. इंटरवलनंतर डुलक्या घेतल्या न?"

दौलतनं मान खाली घातली. पुढे मीही तीस वर्षं पोरांच्या हातचं लोखंड तपासत आलो आहे. त्यामुळे आज सांगू शकतो, की उस्ताद त्यातलं निम्मं अंदाजानं ठोकून द्यायचे. उपाशी, जागलेला किंवा बिडी ओढून आलेला, या तिन्हीत न बसणारा पोरगा आमच्या वर्गात नव्हताच. बाण कुठेही मारला तरी कोणाला तरी लागायचाच. पण तेव्हा आम्हाला ती विद्या वाटायची आणि आम्ही तिला भ्यायचो.

ज्या तुकड्यात उजेड अजिबात दिसायचा नाही, तो ते बराच वेळ धरून ठेवायचे. मग म्हणायचे, "याच्यात काई दिसत नाई." ही त्यांची सर्वांत मोठी शाबासकी. वर्षात दोन-तीन जणांच्या वाट्याला यायची.

बासष्ट-त्रेसष्ट सालची गोष्ट. यवतमाळच्या कडेला, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आमची धंदेशिक्षणाची शाळा भरायची. वर तुळयांना अजून जुना कापूस चिकटलेला होता आणि वारा सुटला की तो खाली तेलाच्या डब्यात पडायचा. शेडच्या एका टोकाला लोहारकाम, दुसऱ्या टोकाला सुतारकाम, मध्ये आम्ही चौदा फिटर. दारव्हा, मारेगाव, झरीकडची खेड्यांतली पोरं. सरकारी कागदावर उस्ताद निदेशक होते, पण स्वतःला निदेशक म्हणवून घ्यायला त्यांचा साफ नकार असे. रेल्वेच्या वर्कशॉपात ज्यांच्याकडे ते शिकले त्यांना ते उस्ताद म्हणत, म्हणून आम्हीही त्यांना उस्तादच म्हणायचं.

त्यांचं घराणं गावात नावाजलेलं, तीन पिढ्या कोर्टकचेरीतल्या. भाऊ काळा कोट घालून कचेरीत जायचा आणि हे खाकी हाफपँट घालून, सायकलच्या दांडीला कापडी पिशवी अडकवून, त्याच रस्त्यानं शेडमध्ये यायचे. मॅट्रिक झाल्यावर घरात कोणाला न सांगता वर्कशॉपात भरती झाले होते. तिथं त्यांनी काय पाहिलं ते एकदाच बोलले. म्हणाले, ज्यांच्या हाताले तोड नव्हती असे कारागीर चाळिशीत थकले. कोणी खोकून, कोणी पिऊन, कोणी नुसतं पोटाची आबाळ करून. "अवजाराले तेल देता, घरी नेताना फडक्यात गुंडाळता. आन् आंगाले काय देता बे? आंग काय भाड्यानं आनलं?"

तेव्हापासून त्यांना एकच वेड. धंदा तर शिकवायचाच, पण तो धंदा साठीपर्यंत करू शकेल असा माणूसही बनवायचा. यात काही वावगं नाही. पण उस्तादांचं कुठलंच काम साध्या रस्त्यानं जात नसे.

कानशीला हात लावण्याआधी प्रत्येकानं त्यांच्या डब्यातले मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा खायचा. खाल्ला का, हे तोंड उघडून दाखवायचं. घास बत्तीस वेळा चावायचा, हा नियम ते स्वतः इतका पाळायचे, की जेवताना बोलणं बंद. डाव्या हाताच्या बोटांवर मोजणी चाले. एकदा तपासणीचे साहेब नेमके जेवणाच्या सुट्टीत आले आणि दारातूनच काही विचारू लागले. उस्तादांनी त्यांना हातानं थांबायची खूण केली, घास संपेपर्यंत शांतपणे चावत राहिले, मग उठून नमस्कार केला. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आम्ही टेबलाखाली वाकून हसून घेतलं.

नखं तपासायला त्यांच्याकडे फीलर गेज होतं. म्हणजे दोन भागांतली फट मोजायच्या पातळ पोलादी पात्यांचा जुडगा. ते पातं नखाखाली सरकवून, "इथं सहा नंबर जाते, आत बैल बांधता येईल," असं जाहीर करायचे आणि पत्रा कापायच्या कात्रीकडे बघायचे. पोरगा जागच्या जागी दातांनी नखं कुरतडू लागला की ओरडायचे, "लोखंड खाते काय बे!"

बिडीला त्यांनी मनाई केली नव्हती. नियम एवढाच, की एक बिडी ओढायची असेल तर आधी विहिरीतून दोन बादल्या पाणी काढून शेडमागच्या कडुनिंबाच्या रोपांना घालायचं. पाच रोपं होती. दौलतनं त्यातली तीन जवळजवळ एकट्यानं जगवली. मे महिन्यात गावभर झाडं सुकत असताना आमचे निंब पोपटी पालवीनं लदलेले असायचे, आणि पाहुण्यांनी विचारलं की उस्ताद गंभीरपणे सांगायचे, "बिडीवर वाढवले."

आणि हात धुणं. तिथंच माझी गोष्ट अडते.

शेडच्या दारात पाण्याचा मोठा रांजण होता. लोखंडाचा कीस आणि तेल लागलेला हात त्यात बुडवायचा नाही, ही सक्त ताकीद. त्यामुळे जेवणाची सुट्टी झाली की उस्ताद स्वतः रांजणाशी उभे राहायचे. हातात घरून आणलेला पितळी गडवा. आमच्याकडे तांब्याला गडवा म्हणतात. चौदा पोरांची ओळ. प्रत्येकानं राख चोळून हात पुढे करायचे, उस्ताद वरून धार धरायचे. धार धरताना नखं बघायची, कोणाच्या फोडाला नाव ठेवायचं, कोणाला घरचं विचारायचं. "बहिनीचं लगन ठरलं काय? मंग हात असे काऊन, खड्डा खंदून आला काय?" पोरं हसायची. रांजणात शिंतोडा उडू नये म्हणून ते दूर सरकून उभे राहत आणि गडवा चांगला खांद्याइतका उंच धरत.

पहिल्या दिवशी, उंचीनं सगळ्यांत लहान म्हणून, ओळीत पहिला मी होतो.

आमचं गाव दारव्ह्याकडे. मी लहान असताना बाबांबरोबर शेतावर जायचो. दुपारी तहान लागली की बाबा मालकाच्या विहिरीशी जात, ओट्याच्या खाली उकिडवे बसत आणि ओंजळ करत. वरून कोणीतरी धार सोडी. गडव्याला थेंबसुद्धा परत लागू नये म्हणून धार खूप उंचावरून यायची. ती ओंजळीत कमी आणि बाबांच्या नाकात, सदऱ्यावर जास्त पडायची. ठसका लागला की वरचा माणूस हसायचा. मी बाजूला माझ्या पाळीची वाट बघत उभा असे. छप्पन सालच्या दसऱ्याला बाबा नागपूरला जाऊन आले, घरातले जुने देव विसर्जित केले, आणि आम्हा भावंडांना समोर बसवून एकच गोष्ट सांगितली. "आजपासून वरून वतलेलं पानी घ्याचं नाई. आपल्या हातानं घ्याचं. नाईतं तहानलेलं राहाचं."

त्या दिवशी शेडच्या दारात उस्ताद म्हणाले, "कर हात पुढं." गडवा उंच गेला. मला उस्ताद दिसले नाहीत, गडवाही दिसला नाही. ओट्याखाली उकिडवे बसलेले बाबा दिसले. मी हात मागे ओढले आणि धार माझ्या पायांवर पडली.

"मी माह्या हातानं धुतो, उस्ताद."

त्यांनी गडवा सरळ केला. "धू," म्हणाले.

मी विहिरीकडे निघालो. पाठीमागे दौलतच्या हातावर पाणी पडल्याचा आवाज आला, मग तिसऱ्याच्या, चौथ्याच्या. म्हणजे मिनिटभरात मला कळलं होतं, की ही धार माझ्यासाठी नव्हती, सगळ्यांसाठी होती. डोक्याला कळलं. पण मागे ओढलेला हात पुन्हा पुढे करायचा कसा? बाबांचा चेहरा आड येई. आणि खरं सांगायचं तर माझा ताठाही आड येई. सतरा वर्षांच्या पोराचा ताठा.

त्यानंतर चार महिने मी विहिरीवर हात धुतले. उस्तादांनी एकदाही कारण विचारलं नाही. कारण आपण ओळखू, असा त्यांना विश्वास होता. लोखंड ओळखणाऱ्याला पोरगा काय अवघड! त्यांना वाटलं, मला पाणी थंड लागतं. हिवाळ्यात त्यांनी लोहारकामाच्या भट्टीवर पाणी तापवून आणायला सुरुवात केली, वाफा निघणारा गडवा घेऊन उभे राहू लागले. पोरं खूष झाली, मी विहिरीकडे गेलो. मग त्यांना वाटलं, राखेनं माझे हात फुटत असतील. ते वासाचा साबण घेऊन आले. वर्गभर दोन दिवस सुगंध दरवळला, मी विहिरीकडे गेलो. मग वाटलं, नखांवरून बोलल्याचा मला राग आला असेल. आठवडाभर त्यांनी कोणाच्याच नखांना नाव ठेवलं नाही, आणि ओळीतली मजाच गेली. एकदा दौलतला बाजूला घेऊन म्हणाले, "तो पोट्टा पान्याले भेते काय रे? नदीत-गिदीत बुडाला होता काय लहानपनी?" दौलतनं मला ते हसत हसत सांगितलं. मी हसलो नाही.

रोज मी ओळीतून पुढे आलो, की ते गडवा किंचित कलता करायचे. पाणी काठापर्यंत यायचं. मी पुढे निघून जाईपर्यंत तो तसाच कलता राहायचा, मग सरळ व्हायचा आणि पुढच्यासाठी पुन्हा कलायचा. हे चार महिने, रोज. आज या वयात बसल्याजागी मला ते कलतं भांडं दिसतं.

सांगायला काय झालं होतं, असं कोणी विचारेल. पण सांगायचं म्हणजे उकिडवे बसलेले बाबा तेरा पोरांच्या मध्ये आणून बसवायचे. ते माझ्यानं होत नव्हतं.

फेब्रुवारीत माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखाखाली लोखंडाची कुसळ गेली. एवढ्या तेवढ्याला कोण विचारतं! विहिरीवर हात धुताना बादलीचा दोर, शेवाळ, जनावरांच्या डोणीचं पाणी, सगळं त्याला लागत गेलं. आठवड्याभरात नखुरडं झालं. अंगठा वांग्याएवढा सुजला, ठणका खांद्यापर्यंत जाई. मी तो झाकून काम रेटत राहिलो. फिटरचा अंगठा म्हणजे फिटरच. कानशीचा दाब सारा अंगठ्यावर. शाळेतून काढून दिलं तर गावी जाऊन काय करायचं, ह्या भीतीनं मी दात आवळून घाशीत होतो.

उस्तादांनी माझा तुकडा उजेडाला धरला. या वेळी त्यांनी अंदाज ठोकला नाही.

"अंगठा दाखव."

"काई नाई झालं, उस्ताद."

त्यांनी मनगट धरून हात वर केला. "पानी आन रे गरम," ते दौलतवर ओरडले आणि मला ओढत रांजणाशी नेलं. गडवा भरला, उंच केला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, शेडच्या दुसऱ्या टोकाला सुतारांचे रंधे थांबतील एवढ्या मोठ्यानं.

"वरून नका घालू! माह्या बापाले असंच पाजत होते! खाली बसवून, वरून! मी नाई घेत! अंगठा गेला तं जाऊ द्या!"

मग मी सगळंच बोललो. विहिरीचा ओटा, ठसका, वरच्या माणसाचं हसणं, नागपूर, बाबांचा शब्द. रडत होतो की भांडत होतो, मलाच कळत नव्हतं.

उस्तादांच्या हातातला गडवा खाली आला. मग गडवा रांजणाच्या झाकणावर ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या मागच्या दाराशी असंच घालत. मी लहानपनापासून रोज पाह्यलं. रोज." आणि पुन्हा, "पाह्यलं, पन मले दिसलं नाई."

लोखंडातला केसाएवढा खड्डा ज्याला दिसायचा, तो माणूस हे बोलत होता. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. फार थकल्यासारखं वाटलं एवढंच.

त्यांनी सुतारांकडून एक स्टूल मागवलं, मला त्यावर बसवलं. लोखंडी घमेल्यात गरम पाणी आणि मीठ घालून घमेलं घेऊन स्वतः जमिनीवर मांडी घातली, ते मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "आता तूच बुडव. तुह्या हातानं." मी वर, ते खाली. हाफपँटीतल्या उघड्या मांडीला चटका बसत असणार, पण ते हलले नाहीत. संध्याकाळी सायकलवर डबलसीट बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चीर दिली, पू काढला, अंगठा राहतो की नाही ते चार-पाच दिवसांत कळेल म्हणाले. पुढचे सगळे दिवस सकाळ-दुपार ते घमेलं घेऊन तसेच जमिनीवर बसत राहिले.

शाळेतून बाबांना कार्ड गेलं होतं. ते अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेगाडीनं आले आणि थेट शेडच्या दारात उभे राहिले, तेव्हा मी स्टुलावर होतो आणि उस्ताद खाली, घमेलं मांडीवर. बाबा दारातच थबकले. मला परत न्यायला आले होते, हे त्यांच्या हातातल्या रिकाम्या पिशवीवरून मला कळलं. उस्ताद उठू लागले तर घमेलं सांडायला लागलं, म्हणून पुन्हा बसले. शेवटी बसूनच त्यांनी नमस्कार केला.

"या भाऊ. तुमच्या पोराचा अंगठा माह्यामुळे सडत होता."

बाबा आयुष्यभर साहेब लोकांपुढे फार बोलले नव्हते. पण त्या दिवशी त्यांनी सरळ विचारलं, "इथं पानी वरून घालतेत म्हने."

मी बाबांना तसं कधीच कळवलं नव्हतं. माझं ओरडणं ऐकून दारव्ह्याकडच्या एखाद्या पोरानं गावी सांगितलं असणार.

"घालत होतो," उस्ताद म्हणाले. "समद्यायलेच घालत होतो, पन ते सांगून उपयोग नाई. भाऊ, याच्या हातावर माह्या हातचं वरून पानी पडनार नाई. कधीच. हा शब्द घ्या. आन् पोरगा माह्यापाशी ठेवा. याचा हात चांगला आहे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्यांनी रिकामी पिशवी खांद्यावर टाकली, दौलतच्या डब्यातली अर्धी भाकर खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटेच परत गेले.

अंगठा वाचला. नख वाकडं उगवलं, ते अजून तसंच आहे.

गडवा त्या दिवसापासून अवजारांच्या कपाटावर गेला. पण हात तर धुवायलाच हवेत, आणि रांजणाला तोटी बसवली तरी घाणेरडा हात तिला लागता कामा नये. उस्ताद दोन दिवस फुटाणे खात विचार करत राहिले. तिसऱ्या दिवशी फळ्यावर खडूनं एक चित्र निघालं. उंच घडवंचीवर पाण्याचं पिंप, खाली तोटी, तोटीला स्प्रिंग, स्प्रिंगला तार, आणि तार थेट जमिनीवरच्या एका फळीला. फळीवर पाय दाबला की तोटी उघडणार, काढला की बंद. "कोनी कोनाले घालाचं नाई," ते म्हणाले. "ज्याचा हात, त्याचाच पाय."

घडवंची सुतारांनी केली, फळीचं बिजागर लोहारांनी. तार मिळेना, तर उस्तादांनी स्वतःच्या सायकलच्या ब्रेकची तार काढून दिली. पुढे कित्येक दिवस ते उतारावर दोन्ही पाय जमिनीला घासत, "बाजू, बाजू" ओरडत शाळेत यायचे. तोटीचं तोंड बंद करणारी पितळी चकती माझ्याकडे आली. ती तंतोतंत सपाट नसेल तर पाणी गळणार. नव्या अंगठ्यानं मी ती नऊ दिवस घासली. दोनदा गळली. तिसऱ्यांदा मी ती उस्तादांच्या हातात दिली, त्यांनी गुण्या टेकवला, खिडकीकडे धरली. फार वेळ धरली.

"याच्यात काई दिसत नाई," ते म्हणाले.

त्या दिवशी मी तीन भाकरी खाल्ल्या.

नळ चालू झाला आणि ओळ संपली. पोरं येत, फळीवर पाय देत, हात धुऊन जेवायला पळत. उस्ताद आता दाराशी उभे राहायचे नाहीत, सुट्टी झाली की आत बसून आपला घास बत्तीस वेळा चावायचे. नखांवरून थट्टा नाही, बहिणीच्या लग्नाची चौकशी नाही. सगळं स्वच्छ, सगळं बरोबर, माझ्यासाठीच केलेलं. आणि मला पहिल्यांदा जाणवलं, की ज्या ओळीतून मी चार महिने ताठ मानेनं बाहेर पडत होतो, तिथं बाकी तेरा जणांना रोज काहीतरी मिळत होतं. दौलतला मिळालं होतं, झरीच्या दोघा भावांना मिळालं होतं. उस्तादांनी हात बघत, बोलत, सावकाश पाणी घातलेलं. मला तेवढं मिळालं नव्हतं.

दीड वर्ष संपलं. निकालाच्या दिवशी बाबा आले होते. दौलतनं त्यांना नळापाशी नेऊन फळी दाखवली. बाबांनी चप्पल काढली, हे मला अजून आठवतं. चप्पल काढून अनवाणी पाय फळीवर ठेवला. पाणी आलं. पाय काढला, थांबलं. पुन्हा ठेवला. ओंजळीनं पोटभर प्यायले, सदऱ्यावर एक थेंब न सांडता. मग मिशा पुसत माझ्याकडे वळून म्हणाले, "चकती तुही होय न?" त्यांना आतली चकती दिसणं शक्य नव्हतं, पण ते नळाकडेच बघत राहिले.

बाबा दौलतबरोबर निंबांपाशी जाऊन बसले तेव्हा मी आत गेलो. कपाटावरचा गडवा काढला, त्यावरची धूळ सदऱ्यानं पुसली, पिंपातून भरला आणि उस्तादांसमोर धरला.

"उस्ताद, एक डाव घाला. माह्या हातावर."

ते गडव्याकडे बघत राहिले. "काऊन? नळ बिघडला काय?"

"नाई. मले पाहिजे. मी सोता मांगून राह्यलो."

त्यांनी गडवा हातात घेतला. मी हात पुढे केले. चार महिने मागे ओढलेले ते हात आता आपणहून पुढे होते. गडवा कलला, पाणी काठापर्यंत आलं. मला वाटलं, आता पडेल. उस्तादांनी दारातून बाहेर निंबाकडे पाहिलं, जिथं बाबा बसले होते, आणि गडवा सरळ केला.

"नाई राजा," ते म्हणाले. "त्या मानसाले शब्द देला मी."

"बाबाले मी सांगतो न."

"तू सांगशील, ते हो म्हनतील. पन शब्द त्यायच्यासाठी नव्हता फक्त." त्यांनी माझे कोरडे हात आपल्या एका हातात धरले, सवयीनं नखं बघितली आणि म्हणाले, "साफ आहेत." मग गडव्यातलं पाणी बाहेर नेऊन त्यांनी सगळ्यांत लहान निंबाला घातलं.

त्यांचं बरोबर होतं. मी आयुष्यभर स्वतःला तेच सांगत आलो आहे, आणि त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

मी पुढे दूरच्या एका कारखान्यात लागलो, मग स्वतःच शिकवायला लागलो. उस्ताद गेल्याचं दौलतच्या पत्रातून कळलं, तेव्हा त्यांना जाऊन महिना होऊन गेला होता. दौलतनं लिहिलं होतं, की निंब आता शेडच्या वर गेले आहेत आणि त्यानं बिडी सोडली आहे; मग आता झाडांना पाणी कोण घालणार, असं उस्ताद शेवटपर्यंत विचारायचे. ते पत्र मी पुष्कळदा वाचलं. मला उस्ताद परत हवे आहेत, हे लिहायला आता कसली लाज. ती शेड हवी आहे, कापसाचे तुकडे पडणारा तेलाचा डबा हवा आहे, आणि सगळ्यांत जास्त ती चौदा जणांची ओळ हवी आहे.

जिथं जिथं शिकवलं तिथं मी पायानं उघडणारा नळ बसवला. चकती दरवेळी स्वतः घासली. पोरं फळीवर पाय देतात, हात धुतात, पळतात. माझी पाळी सगळ्यांत शेवटी. कोणी बघत नसलं की मी फळीवर लगेच पाय देत नाही. दोन्ही हात पुढे करून थोडा वेळ तसाच उभा राहतो.